नवी स्नोमोबाइल : पहिले 500 किलोमीटर आणि गोठलेला तलाव

नमस्कार.

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळला आहे की नाही हे तुम्हाला पाहता येईल. तुम्ही पुण्याहून कॅनडात आलात, ऑन्टॅरियो प्रांतातील नॉर्थ बे येथे हा तुमचा तिसरा हिवाळा आहे, आणि तुम्ही 600 सीसीची दोन-स्ट्रोक स्नोमोबाइल, म्हणजे पुढे स्की आणि मागे रबरी पट्टा (ट्रॅक) असलेली बर्फावरची गाडी, नवी घेतली आहे. विक्रेत्याने ती ‘चालवायला तयार’ असे सांगून तुमच्या हाती दिली. रनिंग-इन, म्हणजे नवे इंजिन सुरुवातीला जपून चालवून रुळवणे, किती किलोमीटर करायचे, सेटिंगमध्ये स्वतः काही पाहायचे असते का, आणि नाताळच्या सुटीत पत्नीला मागे बसवून निपिसिंग तलाव ओलांडता येईल का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. पंधरा वर्षे बुलेट चालवल्यामुळे गाडी हाताळण्याची काळजी वाटत नाही, असेही तुम्ही लिहिले आहे.

मी सडबरीजवळच्या एका वर्कशॉपमध्ये अठरा वर्षे स्नोमोबाइलच्या दुरुस्तीचे काम करतो आणि हिवाळ्यात आमच्या क्लबच्या ट्रेलवर, म्हणजे स्नोमोबाइलसाठी आखलेल्या वाटेवर, खुणेच्या काठ्या रोवायला जातो. त्या अनुभवावरून सांगतो की तुमच्या तीन प्रश्नांपेक्षा मला त्या शेवटच्या वाक्याची काळजी अधिक वाटली. बुलेटचा अनुभव इथे काही ठिकाणी उपयोगी पडेल आणि दोन-तीन ठिकाणी तोच तुम्हाला दगा देईल. म्हणून रनिंग-इनचे 500 किलोमीटर तुम्ही इंजिनासाठी राखून ठेवणार आहात तसेच स्वतःसाठीही ठेवा, हे माझे मुख्य म्हणणे आहे. बाकीचे उत्तर त्याच्या तपशिलाचे आहे.

एक शब्द आधी स्पष्ट करतो. मराठीत आपण स्नो आणि आइस या दोन्हींना बर्फच म्हणतो, पण या विषयात तेवढ्याने भागत नाही. या उत्तरात आभाळातून पडणाऱ्या भुसभुशीत बर्फाला मी हिम म्हणेन आणि गोठून घट्ट झालेल्या पाण्याला बर्फ म्हणेन.

पुष्कळ गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात, हेही आधीच मान्य करतो. तुमचे वजन, यंत्राचे मॉडेल, ट्रॅकची लांबी, त्या दिवशीचे हिम आणि तापमान यांनुसार आकडे बदलतात. मी दिलेला आकडा आणि तुमच्या यंत्राच्या मॅन्युअलमधील आकडा यांत फरक दिसला, तर मॅन्युअलचा आकडा खरा धरावा.

तुम्ही पुण्याचे आहात म्हणून यंत्राची ओळख करून देणे सोपे जाईल. घरात किंवा शेजारी कुणाकडे किनेटिक होंडा असेल तर ती आठवून पाहा. दोन-स्ट्रोक इंजिन, ऑइलची वेगळी टाकी, आणि गिअरच्या जागी दोन पुल्यांमध्ये फिरणारा रबरी बेल्ट. स्नोमोबाइलची रचना मुळात तीच आहे. फक्त ताकद कितीतरी पट अधिक आहे आणि मागच्या चाकाच्या जागी रबरी ट्रॅक आहे. इंजिनाचे फेरे वाढले की पुढच्या पुलीतील वजने बाहेर फेकली जातात, पुलीच्या दोन बाजू एकमेकींजवळ येतात, बेल्ट वर चढतो आणि वेग वाढतो. आम्ही या पुल्यांना क्लच म्हणतो. हे एकदा डोळ्यांसमोर आले की बेल्टचा वास येणे, यंत्र आळशीपणे उठणे, किंवा नुसत्या आयडलवर, म्हणजे वेग न देता, ते पुढे सरकू लागणे या तिन्ही तक्रारी एकाच जागी शोधायच्या, हे तुमच्या लक्षात येईल. आयडलवर सरकणारे यंत्र बहुधा बेल्ट फार ताठ बसल्याची खूण असते, आणि उठताना मरगळलेले यंत्र बहुधा तो सैल असल्याची.

आता ‘चालवायला तयार’ या शब्दांकडे येऊ. कारखान्यातून स्नोमोबाइल क्रेटमध्ये येते. स्की, हँडलबार, काच असे काही भाग विक्रेत्याच्या वर्कशॉपमध्ये जोडले जातात, बॅटरी भरली जाते आणि द्रवांच्या पातळ्या पाहिल्या जातात. हे काम बहुतेक ठिकाणी नीट होते, पण डिसेंबरच्या घाईत एकेका मेकॅनिकपुढे रांग लागलेली असते, आणि जे मोजायला वेळ लागतो ते नजरेने पाहून सोडले जाते. म्हणून विक्रेत्याकडून त्या तपासणीचा भरलेला कागद मागून घ्या आणि घरी आल्यावर तीन गोष्टी स्वतः मोजा : ट्रॅकचा ताण, स्कींची समांतरता आणि सस्पेन्शनचा बसका. या तिन्हींसाठी टेप, पाने आणि मागचा भाग उचलून धरणारा स्टँड एवढेच पुरते.

ट्रॅकवर मी जरा जास्त बोलतो, कारण या यंत्राचा जन्मच तिथे आहे. क्वेबेकमधील व्हॅलकूर या गावच्या जोसेफ-अर्मां बोंबार्डिये यांचा दोन वर्षांचा मुलगा 1934 च्या हिवाळ्यात वारला, कारण हिमाने बुजलेल्या रस्त्यावरून त्याला रुग्णालयात नेता आले नाही. हिमावर चालणारे वाहन करण्याचे त्यांचे प्रयत्न आधीपासून चालू होते. 1937 मध्ये त्यांनी ट्रॅक ओढणाऱ्या रबर-मढवलेल्या दातेरी चाकाचे आणि त्याच्या ट्रॅकचे पेटंट घेतले, आणि 1959 मध्ये स्की-डू बाजारात आली. दातेरी चाक आणि ट्रॅक यांची ती जोडी आजही तुमच्या यंत्राच्या पोटात आहे, आणि नव्या यंत्रात सर्वांत लवकर बदलणारी गोष्टही तीच असते, कारण नवा ट्रॅक पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये ताणला जातो. तो सैल झाला की जोराने ब्रेक मारताना खालून धाडधाड आवाज येतो. दातेरी चाक ट्रॅकच्या खाचांवरून घसरत असल्याचा तो आवाज असतो. उलट तो फार ताठ केला तर ताकद वाया जाते आणि ज्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवरून ट्रॅक सरकतो त्या, म्हणजे स्लायडर, झिजतात.

मोजण्याची रीत अशी. मागचा भाग स्टँडवर घेऊन ट्रॅक मोकळा लोंबू द्यावा, मधोमध मॅन्युअलमध्ये दिलेल्या वजनाइतका खाली ओढावा, आणि स्लायडर व ट्रॅकच्या आतील धातूच्या पट्टीमधील अंतर मोजावे. कमी-जास्त करायचे असल्यास मागच्या ॲक्सलचा बोल्ट सैल करून दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखेच फिरवावेत, ट्रॅक सावकाश फिरवून तो दोन्ही रुळांपासून (ज्यांवर स्लायडर बसवलेले असतात) सारख्या अंतरावर धावतो का ते पाहावे, आणि मगच बोल्ट कसावा. यंत्र उचललेले असताना ट्रॅक फिरवायचा तर मागे कुणीही उभे राहता कामा नये. ट्रॅकमधून सुटलेला बर्फाचा खडा किंवा लोखंडी स्टड गोफणीतल्या दगडासारखा येतो. घरात लहान मूल असेल तर ते आत असल्याची खात्री करूनच हे काम करा.

स्कींचे काम त्या मानाने सोपे आहे. हँडल सरळ धरून दोन्ही स्कींच्या टोकांना रबरी दोरीने एकमेकींकडे ओढून घ्या, म्हणजे सांध्यांतील ढिलाई निघून जाईल, आणि तळाच्या कार्बाइडच्या पात्यांमधील अंतर पुढे व मागे मोजा. पुढचे अंतर काही मिलिमीटरच जास्त असावे. हे चुकले की सरळ ट्रेलवरही यंत्र जुन्या खाचांच्या मागे डावीकडे-उजवीकडे ओढले जाते, आणि नवख्या माणसाला वाटते की दोष आपल्या हातांचा आहे.

सस्पेन्शनसाठी मागचा बंपर उचलून सस्पेन्शन पूर्ण मोकळे करा आणि जमिनीपासून बंपरपर्यंतची उंची मोजा. मग पूर्ण हिवाळी पोशाखात, हेल्मेटसह, यंत्रावर बसून तीच उंची दुसऱ्याला मोजायला सांगा. दोन आकड्यांतील फरक म्हणजे बसका. ट्रेलवर चालणाऱ्या बहुतेक यंत्रांना मी तो 50 ते 75 मिलिमीटरच्या दरम्यान ठेवतो. कारखान्याची स्प्रिंग एका सरासरी माणसासाठी लावलेली असते. तुम्ही 60 किलोचे असाल किंवा 100 किलोचे, तर ती तुमच्यासाठी लावलेली नाही. मागचा भाग फार बसला की पुढे स्कींवरचा भार कमी होतो आणि वळणावर हँडल वळवूनही यंत्र सरळच जात राहते. ‘माझी गाडी वळत नाही’ म्हणून वर्कशॉपमध्ये येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांची अडचण मी केवळ ही स्प्रिंग फिरवून किंवा झिजलेले कार्बाइड बदलून सोडवली आहे.

आता रनिंग-इन. काही कंपन्या पहिले 10 तास किंवा 500 किलोमीटर असा टप्पा देतात आणि त्या काळात थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) तीन-चतुर्थांशाच्या पुढे दाबून ठेवू नये असे सांगतात. त्यामागचे कारण समजून घेतले तर आकडा पाठ करावा लागत नाही. नव्या पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीशी घासून आपली जागा करत असतात. त्यासाठी त्यांच्यावर बदलता भार यावा लागतो. एकाच वेगाने तासभर जाणे, किंवा काळजीपोटी इंजिन अर्धा तास नुसते आयडलवर ठेवणे, या दोन्हींमुळे ते काम नीट होत नाही. मध्यम वेग, मग थोडा अधिक, एखाद्या मोकळ्या पट्ट्यात दोन-तीन सेकंदांचा जोर, पुन्हा मध्यम, असे चालवा. ऑइलबद्दल मात्र मॅन्युअल अक्षरशः पाळा. काही इंजिनांत या काळात ऑइल आपोआप जास्त सोडले जाते. काही कंपन्या पहिल्या टाकीतील पेट्रोलमध्ये वेगळे ऑइल मिसळायला सांगतात, जसे आपल्याकडे लुनाच्या टाकीत ऑइल टाकून गाडी हलवत असत. दोन्ही रीती बरोबर आहेत, पण एकीची रीत दुसरीला लावू नका.

बेल्टचेही रनिंग-इन असते, आणि ते बहुतेक जण विसरतात. पहिले 50 किलोमीटर त्याला ताण देऊ नका, म्हणजे त्याच्या बाजू क्लचच्या पृष्ठभागाशी जमून येतील. एक जास्तीचा बेल्ट नेहमी सोबत ठेवा आणि तो बदलायला घरीच शिका, हातमोजे घालून, एकदा उजेडात आणि एकदा हेडलॅम्पच्या प्रकाशात. उणे 25 अंशांत, झाडीत, पहिल्यांदाच मॅन्युअल उघडून बेल्ट बदलणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांची बोटे पाचव्या मिनिटाला काम करेनाशी होतात.

इथवरचे थोडक्यात सांगायचे तर : तीन मापे घरी घ्या, 500 किलोमीटर बदलत्या वेगाने चालवा, आणि त्यानंतर पहिली सर्व्हिस व ट्रॅकचा ताण चुकवू नका. यंत्रासाठी एवढे पुरेसे आहे. आता चालवणाऱ्याकडे वळतो.

तुमच्या बुलेटवर उजव्या मुठीपुढच्या लिव्हरने पुढचा ब्रेक लागतो आणि पायाखाली आणखी एक ब्रेक असतो. स्नोमोबाइलवर ब्रेकची लिव्हर डाव्या हाताला आहे, पायाला काहीच नाही, आणि उजव्या अंगठ्याखाली थ्रॉटल आहे. समोर अचानक हरीण किंवा वळण आले की घाबरलेला माणूस मूठ आवळतो. पंधरा वर्षांच्या सवयीने तुमचा उजवा हात ब्रेक शोधत आवळला जाईल, त्या मुठीबरोबर अंगठाही दाबला जाईल, आणि यंत्र थांबण्याच्या ऐवजी झेप घेईल. दुचाकी चालवण्यात तरबेज असलेल्या माणसांचे पहिल्याच दिवशी झाडावर आदळणे मी याच कारणाने पाहिले आहे. यावर बुद्धीने विचार करून उपाय होत नाही; हाताला नवी सवय लावावी लागते. एखाद्या मोकळ्या, कुंपण नसलेल्या मैदानात, जिथे पुरेसे हिम साचले आहे, तिथे ताशी 20 किलोमीटरवर दहा वेळा थांबा, मग 30 वर, मग 40 वर. दर वेळी आधी अंगठा पूर्ण उचलायचा आणि मग डावा हात दाबायचा. थांबल्यावर खाली उतरून मागे वळून ट्रॅकची खूण पावलांनी मोजा. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर दुपटीने वाढत नाही, सुमारे चौपट होते, हे शाळेत शिकलेले सूत्र त्या हिमातल्या पावलांनी फार नीट समजते.

थ्रॉटलचीच आणखी एक गोष्ट. इंजिन सुरू करण्यापूर्वी, दर वेळी, थ्रॉटल दाबून सोडा आणि तो टपकन मागे येतो का ते पाहा. रात्रभर बाहेर उभ्या असलेल्या यंत्राच्या केबलमध्ये किंवा लिव्हरच्या सांध्यात वितळलेले हिम पुन्हा गोठते, आणि दाबलेला थ्रॉटल दाबलेलाच राहतो. त्याच वेळी सुरक्षेच्या दोरीची क्लिप तुमच्या जॅकेटच्या मजबूत कडीला अडकवा. तुम्ही यंत्रावरून पडलात तर ती दोरी सुटते आणि इंजिन बंद पडते. दोरी हँडललाच गुंडाळून ठेवणारे पुष्कळ दिसतील. तुम्ही तसे करू नका. इंजिन मात्र बंद गॅरेजमध्ये गरम करू नका, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि सकाळी निघण्यापूर्वी मागचा भाग उचलून हलवून ट्रॅक मोकळा करा; थेट थ्रॉटल दाबून गोठलेला ट्रॅक तोडायला गेलात तर बेल्ट जळतो.

बुलेटची दुसरी सवय म्हणजे वाऱ्यावर विसंबणे. बुलेटचे इंजिन वाऱ्याने थंड होते. तुमच्या स्नोमोबाइलमध्ये इंजिनातील गरम द्रव सीटखालच्या बोगद्यात बसवलेल्या पत्र्याच्या पोकळ भागांतून फिरतो, ट्रॅकने उडवलेले हिम त्या भागांवर आदळते, आणि त्याने तो थंड होतो. स्लायडरनाही तेच हिम वंगणासारखे लागते. म्हणजे हिम नसले तर तुमच्या यंत्रात पाणी आणि ग्रीस दोन्ही नसल्यासारखे आहे. गेल्या हिवाळ्यात एक तरुण नवे यंत्र घेऊन आमच्याकडे आला. तो नांगरलेल्या, उघड्या रस्त्याच्या कडेने पेट्रोल भरायला चार-पाच किलोमीटर गेला होता. यंत्र वर उचलले तेव्हा दोन्ही स्लायडरचे काळे प्लॅस्टिक वितळून ट्रॅकच्या पट्ट्यांना चिकटले होते, आणि संपूर्ण वर्कशॉपमध्ये जळक्या बादलीसारखा वास भरला होता. यंत्र 90 किलोमीटर चाललेले होते. घट्ट दाबलेल्या ट्रेलवर किंवा साफ बर्फावर जायचे असेल तर आइस स्क्रॅचर, म्हणजे रुळांना लावलेले तारेचे ओरखाडे, खाली सोडा. ते बर्फ खरवडून वर उडवतात. तरीही तापमानाचा दिवा लागला तर ट्रेलच्या कडेच्या भुसभुशीत हिमात यंत्र घ्या, पण ट्रेलची हद्द सोडू नका.

ट्रेलच्या नियमांत मी फार वेळ घालवत नाही, कारण ते तुम्हाला ऑन्टॅरियो सरकारच्या पुस्तिकेत मिळतील. नोंदणी, विमा, चालकाचा परवाना, हेल्मेट आणि क्लबच्या महासंघाचा ट्रेल परमिट हे सर्व लागते. ट्रेलवर ताशी 50 किलोमीटरची मर्यादा आहे, आणि दारू पिऊन स्नोमोबाइल चालवणे हा कार चालवण्याइतकाच फौजदारी गुन्हा आहे. त्यात तुमचा कारचा परवानाही जातो. उजवी बाजू सोडू नका, विशेषतः चढाच्या माथ्यावर आणि आंधळ्या वळणावर. रस्ता ओलांडताना पूर्ण थांबून काटकोनात ओलांडा. ट्रेलचा बराच भाग लोकांच्या खासगी जमिनीतून, त्यांच्या परवानगीने जातो, त्यामुळे एकाने शेतातून यंत्र घातले की पुढच्या वर्षी संपूर्ण मार्ग बंद होऊ शकतो. रात्रीबद्दल एक हिशेब करून ठेवा : मर्यादा मोडून ताशी 80 किलोमीटरने तुम्ही सेकंदाला 22 मीटर जाता, म्हणजे धोका दिसून हात हलेपर्यंतच्या दीड सेकंदात 33 मीटर निघून जातात, आणि ब्रेक त्यानंतर लागतो. हेडलाइटचा प्रकाश तोपर्यंत बराचसा संपलेला असतो.

आता तलाव. निपिसिंग मोठा पण उथळ तलाव आहे, आणि तो लवकर गोठतो म्हणून लोकांना धीर येतो. तो सगळीकडे सारखा मात्र गोठत नाही. स्टर्जन नदी जिथे मिळते, फ्रेंच नदी जिथून निघते, बेटांमधल्या अरुंद जागा, कॉटेजच्या धक्क्यांजवळ पाणी गोठू नये म्हणून लावलेली बुडबुड्यांची यंत्रे, या सर्व ठिकाणी बर्फ पातळ राहतो. स्नोमोबाइलसाठी कॅनडियन रेड क्रॉसने 25 सेंटिमीटर साफ, घट्ट बर्फाचा आकडा दिलेला आहे. ‘साफ’ हा शब्द महत्त्वाचा आहे. काचेसारखा निळसर किंवा काळसर बर्फ बळकट असतो. दुधी, पांढरा बर्फ हिम भिजून गोठल्याने तयार होतो आणि त्याची ताकद साधारण निम्मी धरतात, म्हणून तो दुप्पट जाड लागतो. वर हिमाची जाड गोधडी पडली असेल तर खालचा बर्फ जाड होणे मंदावते, कारण हिम थंडी अडवते. म्हणजे जो तलाव सर्वांत पांढरा आणि शांत दिसतो तोच फसवतो.

एका जानेवारीत आम्ही चौघे जण दुसऱ्या एका तलावावर मार्गाच्या काठ्या रोवायला गेलो होतो. काठाजवळ ड्रिलने भोक पाडले, पट्टी आत घालून मोजले, 31 सेंटिमीटर. पुढे दोनशे मीटरवर 28. बेटाच्या टोकाजवळ ड्रिल हातात अचानक हलके झाले, आणि काळे पाणी भोकातून वर येऊन आमच्या बुटांभोवती पसरले. तिथे 11 सेंटिमीटर होते. वरून पाहिले तर तिन्ही जागा एकसारख्या होत्या. आम्ही आलेल्या पावलांवरच परत फिरलो आणि मार्ग बेटापासून लांबून आखला. म्हणून माझे उत्तर असे आहे की काठ्या रोवलेला, क्लबने खुला केलेला मार्ग असेल तरच तलावावर जा. महासंघाच्या ऑनलाइन नकाशावर प्रत्येक ट्रेलचा रंग दिलेला असतो : हिरवा म्हणजे खुला, पिवळा म्हणजे मर्यादित, लाल म्हणजे बंद. शेजाऱ्याने काल यंत्र नेले होते, हा पुरावा नव्हे. त्याच्या यंत्राचे वजन आणि कालची हवा तुमच्या बाबतीत लागू होत नाहीत.

स्लश हाही एक वेगळा त्रास आहे. जड हिमाच्या भाराने बर्फाचा थर खाली दबतो, भेगांमधून पाणी वर येते आणि हिमाखाली लपून राहते. वरून काहीच दिसत नाही, आणि यंत्र एकदम जड होऊन बसू लागते. अशा वेळी थांबू नका. वेग सारखा ठेवून, सरळ, आधी मळलेल्या वाटेकडे निघा. थांबलात तर ट्रॅकभोवती तो चिखल काही तासांत दगडासारखा गोठतो.

पाण्यात पडल्यास काय करायचे हे आधी मनाशी पक्के असावे लागते. थंड पाण्यावर वर्षानुवर्षे संशोधन केलेले मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीझब्रेख्ट यांनी ते एक-दहा-एक असे सोपे करून दिले आहे : पहिल्या एका मिनिटात धापा टाकणारा श्वास ताब्यात आणायचा, पुढच्या दहा मिनिटांत हातपाय चालतात तोवर बाहेर यायचे, आणि शरीर थंड पडून शुद्ध हरपायला सुमारे तासभर लागतो. पहिल्या मिनिटाच्या घाबरण्यातही माणसे दगावतात. बर्फात रोवायचे टोकदार दांडे गळ्यात जॅकेटच्या बाहेर अडकवा, खोगिरातल्या पिशवीत नको. ज्या दिशेने आलात त्याच दिशेकडे वळा, कारण तो बर्फ थोड्या वेळापूर्वी तुम्हाला पेलत होता. पाय मागे जोराने मारत दांडे रोवून पोटावर सरका, आणि वर आल्यावर उभे न राहता लोळत दूर जा. जमल्यास तरंगणारा सूट घ्या. खर्चिक आहे, पण मी स्वतः तलावावर त्याशिवाय जात नाही.

पत्नीला मागे बसवण्याबद्दल. 600 सीसीची कितीतरी ट्रेल यंत्रे एकाच माणसासाठी बनवलेली असतात, सीट लांब दिसली तरी. यंत्रावरची सूचनापट्टी आणि मॅन्युअल पाहा. दोघांसाठी असे स्पष्ट लिहिलेले नसेल तर मागे कुणीही बसू नये. मागे भार आला की स्की हलक्या होतात आणि वळण जाते, ते मी वर सांगितलेच आहे. यंत्र दोघांसाठी असेल तर मागची स्प्रिंग त्यांच्यासह पुन्हा लावा आणि बसका पुन्हा मोजा. मागे बसणाऱ्या माणसाची हालचाल होत नाही, म्हणून थंडी त्यालाच आधी लागते. उणे 20 अंशांत ताशी 50 किलोमीटरच्या वाऱ्यात उघड्या कातडीला उणे 35 अंशांसारखी थंडी वाजते, आणि तेवढ्यात दहा ते तीस मिनिटांत हिमदंश होऊ शकतो. दर वीस मिनिटांनी थांबून एकमेकांचे गाल आणि नाकाचे टोक पाहा. पांढरा, मेणासारखा डाग दिसला की तिथेच ऊब द्या. आतला थर सुती नको. घाम आला की सुती कापड ओले राहते.

तेव्हा नाताळच्या सुटीसाठी माझा सल्ला असा आहे. नॉर्थ बेमध्ये त्या दिवसांत पावणेपाचच्या आत सूर्य मावळतो, म्हणून सकाळी निघून तीनपर्यंत परत येता येईल असा, जमिनीवरचा, तीस-चाळीस किलोमीटरचा हिरवा ट्रेल निवडा. पेट्रोलचे तीन भाग धरा : एक जाण्याचा, एक येण्याचा, एक राखीव. कुठे जाता आणि केव्हा परतणार हे घरी किंवा शेजारी लिहून ठेवा, कारण झाडीत फोनला रेंज मिळेलच असे नाही. निपिसिंगसाठी फेब्रुवारीतील तिसऱ्या सोमवारची फॅमिली डेची सुटी राखून ठेवा. तोवर तुमचे 500 किलोमीटर झालेले असतील, ट्रॅक एकदा ताणून झालेला असेल, आणि उजवी मूठ आवळण्याची सवय गेली आहे की नाही हे तुम्हालाच कळलेले असेल. त्या सकाळी नकाशावर तलावाचा मार्ग हिरवा असेल, तर काठ्यांच्या रांगेतून जा. पिवळा असेल तर क्लबला फोन करून कोणता भाग मर्यादित आहे ते विचारा, आणि उत्तरात पाण्याचा उल्लेख आला तर जमिनीवरचाच ट्रेल धरा.